पोळा ते दिवाळी : सणखर्चाची बारमाही कृती

पांढुर्णा-सौंसरकडच्या घरात सणाचा पैसा कोणत्या सणाला कमी पडतो, असं विचारलं तर बहुतेक जण दिवाळीचं नाव घेतील. मी पोळ्याचं घेईन. श्रावण अमावस्येला पोळा होतो आणि तिथून गणपती, महालक्ष्म्या, नवरात्र, दसरा, कोजागिरी, दिवाळी, भाऊबीज असे सण दोन-अडीच महिन्यांत एकामागून एक येतात. शेत याच महिन्यांत घरातून पैसा नेतं. निंदण, डवरणी, खत, फवारणी, मजुरी सगळं याच दिवसांतलं. पराटीचं बोंड फुटून वेचणी सुरू व्हायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडतो. आंबिया बहाराची संत्री ऑक्टोबर ते डिसेंबरात उतरतात, मृगाची तर थेट फेब्रुवारी-मार्चात. म्हणजे सण आधी आणि पैसा नंतर. मधली खिंड उधारीनं भरली जाते: किराणा उधार, कापड उधार, आणि उरलेलं सावकाराकडून. शेकडा तीन रुपये महिन्यानं १०,००० रुपये पोळ्याला उचलले आणि जानेवारीत फेडले, तर पाच महिन्यांचं व्याज १,५०० रुपये होतं. हे १,५०० रुपये कुणाच्या ताटात पडत नाहीत, कुणाच्या अंगावर दिसत नाहीत, बहिणीच्या ओवाळणीतही जात नाहीत. सणात काटकसर करायची तर पहिली कपात इथे करावी, पुरणपोळीत नव्हे.

म्हणून ही कृती दिवाळी संपल्यावर, कार्तिकात सुरू होते. ती शेतकऱ्याच्या घराला धरून लिहिली आहे, पण बोरगावच्या कारखान्यात पगारावर असणाऱ्याला किंवा गावात दुकान चालवणाऱ्यालाही थोडा फेर करून वापरता येईल.

साहित्य फार लागत नाही. एक जाड वही, एक पंचांग, बँकेतलं एक खातं, घट्ट झाकणाचे डबे, आणि एकमेकींवर विश्वास असलेली तीन-चार घरं. यातलं शेवटचं साहित्य बाजारात मिळत नाही, आणि खरी बचत त्याच्याच जोरावर होते.

तुळशीचं लग्न झालं की वही उघडा

सण होऊन गेल्यावर खर्चाची आठवण ताजी असते. महिनाभरानं ती धूसर होते आणि मग आपण अंदाजानं कमी आकडा सांगतो. त्यामुळे तुळशीच्या लग्नाच्या आसपास एका संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना बसवा. मामाजी, आत्याबाई, नवरा, मोठी मुलं, सगळे. पोळ्यापासून भाऊबीजेपर्यंत काय काय गेलं ते सांगायला लावा आणि तीन रकान्यांत लिहा: देवाचं, घरच्या पोटाचं, आणि लोकांना द्यायचं.

बेरीज केली की बहुतेक घरांत तिसरा रकाना सगळ्यात जड निघतो. मूर्ती, फुलं, कापूर, नारळ यांवर माणूस घासाघीस करतो, पण साड्या, शर्टपीस, मिठाईचे डबे, टोपी-दुपट्टे यांचा हिशेबच कधी मांडलेला नसतो. तो रकाना बघूनच पुढच्या वर्षाचं ठरवायचं आहे, म्हणून तो नावानिशी लिहा. कुणाला काय दिलं, आणि त्यांच्याकडून काय आलं. आहेराची वही आपल्याकडे लग्नात ठेवतातच. तशीच ही सणाची.

मग पुढच्या वर्षाचं पंचांग घ्या. एका पानावर डावीकडे सणांच्या तारखा लिहा, उजवीकडे शेताच्या: वेचणी कधी, संत्रा कधी तुटेल, तूर-हरभरा कधी निघेल, बियाणं कधी घ्यायचं. इथे अधिकमासाकडे नीट लक्ष द्या. २०२५ मध्ये दिवाळी ऑक्टोबरच्या २०-२१ तारखेला आली. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून, म्हणून लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. २०२७ मध्ये पुन्हा मागे, २९ ऑक्टोबरला. हा अडीच-तीन आठवड्यांचा फरक आपल्या भागात फार मोठा आहे. उशिराच्या दिवाळीला पहिल्या वेचणीचा कापूस थोडाफार विकला गेलेला असतो, बागेतली संत्री रंगावर आलेली असतात. लवकरच्या दिवाळीला हातात काहीच नसतं. दिवाळी लवकर असेल त्या वर्षी बाजूला काढायची रक्कम वाढवायची, किंवा कपडे दिवाळीऐवजी संक्रांतीला घ्यायचे, हे पंचांग बघून वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवता येतं.

पट्टी हातात आली त्याच दिवशी

आता रक्कम ठरवा. समजा एका मध्यम घराचा हिशेब असा आला: पोळा आणि दुसऱ्या दिवशीचे पाहुणे ३,०००, महालक्ष्म्या ५,०००, दसरा १,५००, फराळ ४,०००, कपडे ६,०००, भाऊबीज ३,०००, संक्रांत १,५००. एकूण २४,०००. तुमचे आकडे वेगळे असतील. ते तुमच्या वहीतून काढा, माझ्याकडून घेऊ नका.

शेतकऱ्यानं ही रक्कम महिन्याच्या हप्त्यानं साठवायचा हट्ट धरू नये. आपल्याकडे पैसा महिन्याला येत नाही, हंगामाला येतो. कापसाची पहिली पट्टी, संत्र्याचा सौदा, तुरीची पट्टी, मृग बहार असेल तर त्याचा पैसा, अशा तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी ठरलेला वाटा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाका. घरात आणून ठेवलेला पैसा बियाण्याच्या दिवसांत हमखास निघतो, आणि तो निघाला म्हणून कुणाला दोष देता येत नाही. म्हणून खातं वेगळं हवं, आणि शक्यतो घरातल्या बाईच्या नावाचं हवं. एकरकमी टाकता आली तर सहा-आठ महिन्यांची मुदत ठेव करा. ती पोळ्याच्या आधी पंधरा दिवस पूर्ण होईल अशी तारीख बँकेत सांगून घ्या.

पगारदारांसाठी आवर्ती ठेव बरी. स्टेट बँकेत ती महिन्याला १०० रुपयांपासून, कमीत कमी १२ महिन्यांसाठी उघडता येते. महिन्याला ५०० रुपये भरले आणि साडेसहा टक्के व्याज धरलं, तर वर्षअखेर ६,००० वर सुमारे २१० रुपये सुटतात. व्याज फार नाही. पण पैसा हाताबाहेर राहतो, हाच त्याचा उपयोग. पोस्टाची आवर्ती ठेव पाच वर्षांची असते. मुलीच्या लग्नाला ती ठीक, सणाला नाही.

मध्य प्रदेशात असल्यामुळे आपल्या बायांच्या खात्यात ‘लाडली बहना’चे पैसे येतात. जून २०२३ मध्ये १,००० रुपयांनी ही योजना सुरू झाली, मग १,२५० आणि नोव्हेंबर २०२५ पासून १,५०० रुपये महिना झाले. त्यातले ५०० रुपये आवर्ती ठेवीला जोडून टाकले तर वर्षाचे ६,००० होतात. वरच्या हिशेबातल्या महालक्ष्म्या त्यात पार पडतात. हा पैसा त्या बाईचा आहे. तो सणाला लावायचा की नाही, हे तिनंच ठरवावं. घरच्यांनी गृहीत धरू नये.

भिशीबद्दल एकच सांगते. ओळखीच्या दहा-बारा जणींची, तोंडओळखीच्या पलीकडची भिशी चालेल, आणि आपला नंबर पोळ्याच्या आधी येईल असा मागून घ्यावा. जो कुणी दारावर येऊन बँकेपेक्षा दुप्पट देतो म्हणतो, त्याच्याकडे सणाचा पैसा देऊ नये. नोंदणी नसलेल्या अशा ठेव योजनांवर २०१९च्या केंद्राच्या कायद्यानं बंदी आहे. त्याआधी बुडालेल्या घरांनी काय सोसलं, हे आपल्या भागानं पाहिलं आहे. गावातला महिलांचा बचत गट त्यापेक्षा केव्हाही बरा. तिथे वही सगळ्यांसमोर उघडते.

पीककर्जाचा पैसा सणाला लावू नये. सहकारी संस्थेचं पीककर्ज वेळेत फेडलं तर बिनव्याजी पडतं. सणापायी हप्ता चुकला की ती सवलत जाते, आणि पुढच्या हंगामाचं खतही महाग पडतं.

माल निघतो तेव्हा भरा

सणाचा किराणा सणाच्या आठवड्यात घेतला तर तो सगळ्यात महाग मिळतो. आपण पिकवणाऱ्या भागात राहतो. डाळ आणि तीळ तरी हंगामात भरून ठेवलेच पाहिजेत.

खरिपाचा तीळ दिवाळीच्या आधी निघतो. संक्रांतीचा तीळ दिवाळीनंतर लगेच घ्या, जानेवारीची वाट बघू नका. नवा गूळ थंडीत येतो. नरसिंहपूर जिल्ह्यातला करेलीचा गूळ आपल्याकडे सहज मिळतो. संक्रांत आणि होळीपुरता गूळ एकदम घ्या, पण पोळ्या-महालक्ष्म्यांसाठी साठवू नका. पावसाळी हवेत तो पाझरतो आणि निम्मा फेकावा लागतो.

पुरणाला हरभरा लागतो, आणि तो फेब्रुवारी-मार्चात निघतो. घरचा असेल तर विकण्याआधी सणाचा वाटा बाजूला काढा. नसेल तर चार घरांनी मिळून शेतकऱ्याकडून पोतंभर घ्या. हरभरा अख्खा ठेवला तर त्याला भुंगा लागतो, म्हणून डाळ करून ठेवलेली बरी. हरभऱ्याला पाण्याचा हात लावून रात्रभर झाकून ठेवा, दोन-तीन दिवस कडक उन्हात वाळवा, आणि जात्यावर किंवा गावातल्या चक्कीवर भरडून घ्या. किलोमागे साधारण पाऊण किलो डाळ पडते. टरफल आणि चुणी गुरांना जाते. डाळ पुन्हा एक ऊन दाखवून, गार झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरली तर झाकणाला पाणी सुटतं आणि डाळ वास मारते. चांगल्या डाळीच्या किलोत मध्यम आकाराच्या तीसेक पोळ्या होतात. त्यावरून होळी, पोळा आणि महालक्ष्म्या या तिन्ही सणांची डाळ किती ते काढा.

वातींसाठी कापूस विकत घेणारी घरं आपल्याकडेही झाली आहेत, याचं मला वाईट वाटतं. पहिल्या वेचणीतला स्वच्छ, पूर्ण फुललेला मूठभर कापूस बाजूला ठेवावा. सरकी काढून हिवाळ्याच्या दुपारी आत्याबाईंनी नातवंडांना घेऊन बसावं. फुलवाती, लांब वाती, गौरीची वस्त्रमाळ, वर्षभराचं सगळं होतं. आणि शहरात राहणाऱ्या नणंदेला यातल्या शंभर वातींची पुडी दिली तर ती साडीपेक्षा जास्त दिवस आठवण ठेवते.

संक्रांतीचं वाण

प्लास्टिकचे डबे, चाळण्या, साबणदाण्या दर वर्षी वाटल्या जातात आणि दर घरात त्यांचा ढीग साठतो. वाणाचं मूळ रूप सुगडात आहे: बोरं, हरभऱ्याचे घाटे, ऊस, गाजर, तीळ. सगळा त्या महिन्यातला शेतमाल. तिकडेच परत जावं असं माझं मत आहे. पावभर घरची तूरडाळ कापडी पिशवीत, किंवा हळकुंडं, किंवा वातींची पुडी. यातलं काहीही वाया जात नाही.

वस्तूच लुटायची असेल तर एकेकीनं गावच्या दुकानातून घेऊ नये. सहाजणींनी पैसे एकत्र करून एकीला नागपूरला, इतवारीच्या ठोक बाजारात पाठवावं. पांढुर्णा नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर आहे, सौंसरहून सडक आहे. सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं. जाणारीचं भाडं आणि जेवण सहाजणींत वाटून घ्यायचं, बिल सगळ्यांना दाखवायचं. हळदीकुंकूही सहाजणींनी मिळून एका घरी केलं तर चहा, अत्तर, फुलं यांचा खर्च एकदाच होतो. रथसप्तमीपर्यंत मुदत असते, घाई नसते.

धोंडा असेल त्या वर्षी

धोंडा म्हणजे अधिकमास साधारण तीन वर्षांनी येतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २०२६ मध्ये ज्येष्ठ. जवायाला आणि मुलीला बोलावून वाण द्यायचं असतं, आणि इथे अलीकडे चढाओढ फार वाढली आहे. चांदीचं ताट, सोन्याची अंगठी, सगळ्यांना कपडे. मूळ विधीत तेहतीस अनारसे आणि एक दिवा, तेवढंच. तेहतीस अनारसे, तांब्याचं एक भांडं, दिवा, आणि मुलगी-जवायाला एकेक कापड, यापुढे जाऊ नये. दोन-तीन मुली असतील तर सगळ्यांना एकाच दिवशी बोलवा. जवायांना एकमेकांसमोर सारखंच दिलं की तुलनाही उरत नाही.

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत कोरडे करून दळा आणि गुळात कालवा. पीठ डब्यात महिनाभर सहज टिकतं. मे-जूनमध्ये बियाण्याचा खर्च तोंडावर असतो, म्हणून धोंड्याचं तांब्याचं भांडं हिवाळ्यातच घेऊन ठेवा. त्याला आदल्या वर्षीच्या वहीत वेगळी ओळ हवी.

पोळा, आणि दुसरा दिवस

बैल असतील तर झूल, घुंगरमाळा, चवर दर वर्षी नवं घेऊ नका. सण झाला की झूल धुऊन, वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवा. बेगड, शिंगांचा रंग, वेसण, कासरा एवढंच नवं लागतं, आणि ते गल्लीतल्या चार गोठ्यांनी मिळून घेतलं की स्वस्त पडतं. बैल नसतील तर मातीची जोडी कुंभाराकडून घ्या.

एका ठिकाणी मात्र कपात करू नका. सालदाराला पोळ्याचे कपडे, त्याच्या घरच्यांना जेवण आणि बैल घेऊन दारी येणाऱ्याला बोजाऱ्याचे पैसे, हे पूर्ण द्या, वेळेवर द्या. वर्षभर आपल्या शेतात राबणाऱ्या माणसाचा हा एकच सण आहे. त्याच्या धोतर-शर्टातून वाचवलेल्या पैशानं आपली दिवाळी मोठी करणं मला कधीच पटलेलं नाही.

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन दारी येणाऱ्या पोरांसाठी बोजाऱ्याची रक्कम गल्लीनं मिळून एकच ठरवावी आणि बँकेतून आठ दिवस आधी सुटी नाणी आणावीत. एक घर पन्नास देतं, दुसरं पाच, आणि लेकरांसमोर पाचवाल्याला खाली बघावं लागतं. ते टळतं. नागपूरच्या भोसल्यांनी १८०६ मध्ये तान्हा पोळा सुरू केला असं सांगतात, आणि हा मुलूखही तेव्हा त्यांच्याच राज्यातला. जुन्या घरांत आजोबांच्या हातचे लाकडी नंदी अजून आहेत. ते माळ्यावरून काढा, तेलपाणी करा, चाकं बसवा. नवा, मोठा, महाग नंदी आणून लेकरू जास्त खूश होत नाही. त्याला मिरवायला मिळाल्याशी मतलब.

पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर गोटमार, म्हणजे दगडफेकीची जत्रा, असते, आणि त्या निमित्तानं घराघरांत पाहुणे उतरतात. बाजाराचा त्या दिवशी भरवसा नसतो, म्हणून दोन दिवसांचा भाजीपाला, दूध, गॅस आधीच बघा. पोळ्याला पुरण जास्तीचं शिजवून फ्रिजमध्ये ठेवलं तर दुसऱ्या दिवशीच्या पोळ्या कमी इंधनात होतात. आणि घरातल्या तरुणांना पात्रात उतरू देऊ नका. दर वर्षी तिथे शेकडो माणसं जखमी होतात. कमावता हात मोडला की त्या घरची दिवाळी दवाखान्यात जाते, आणि कोणतीही वही तो हिशेब भरून काढू शकत नाही.

महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या

ही पायरी मी सगळ्यात जास्त घरांना सांगत असते, कारण बचत लगेच दिसते. सोळा भाज्या पावपाव घेतल्या तरी चार किलो होतात. एका घराच्या मिसळ भाजीला किलो-सव्वाकिलो पुरे. उरलेली भाजी दोन दिवस खाऊन कंटाळा येतो आणि मग ती गुरांपुढे जाते. त्यातही त्या आठवड्यात भाजीचे भाव चढलेले असतात.

चार घरांनी असं करावं. अनुराधा नक्षत्रावर गौरी येतात, त्याच्या चार दिवस आधी यादी करा आणि प्रत्येकीला चार भाज्या वाटून द्या. जिच्या परसात दोडका-भोपळा आहे तिला ते द्या, जिचं शेत जवळ आहे तिला चवळी, गवार, अंबाडी, भेंडी. राहिलेल्या बाजारातून. प्रत्येकीनं आपल्या चार भाज्या आणायच्या, एका अंगणात बसून त्यांचे चार वाटे करायचे. पण किलो-किलो आणल्या तर प्रत्येकीला सोळा भाज्या पावपाव मिळतात, म्हणजे पुन्हा चार किलोच झाले. इथेच लोक चुकतात. किलोऐवजी पाव-पाव किलोच आणायचं. मग पावाचे चार वाटे, प्रत्येकीला सोळा भाज्या मिळून बरोबर एक किलो, आणि खर्च चौथा हिस्सा. नैवेद्याच्या भाजीची संख्या पूर्ण होते, वाया काही जात नाही. निवडणं-चिरणंही चौघींत होतं.

ज्वारीची आंबील आणि कढी यांना खर्च नाहीच. फुलोरा मात्र प्रत्येकीनं थोडा-थोडा तळण्यापेक्षा एकीच्या कढईवर चौघींनी तळावा. तेल एकदाच तापतं.

साड्यांचं सांगते. उभ्या गौरींना नेसवायला दोन साड्या वेगळ्या आणि दिवाळीला घरच्या बायांना वेगळ्या, असं करण्याची गरज नाही. दिवाळीला जावा-जावांना ज्या दोन साड्या घ्यायच्या आहेत त्याच आधी महालक्ष्म्यांना नेसवा. विसर्जनानंतर प्रसाद म्हणून त्या जावांना मिळतात. त्यांना देवीच्या अंगावरची साडी मिळते आणि घराच्या दोन साड्या वाचतात. त्या जुलैत घ्या. लग्नसराई सरलेली असते आणि दुकानांत सेल लागलेले असतात. आपल्या सौंसरलाच हातमागावर साड्या विणल्या जातात. निदान एक तरी तिथली घ्यावी, पैसा तालुक्यातच राहतो.

फराळ

सात प्रकारांचा हट्ट सोडा. घरात खरंच जे संपतं असे तीन प्रकार करा आणि बाकीचे अदलाबदलीनं मिळवा. एकीनं चारही घरांचा चिवडा, दुसरीनं शेव-चकली, तिसरीनं लाडू, चौथीनं करंज्या. सामान आपापलं, तेल आणि गॅस ज्या घरी तळण तिथल्या हिशेबात धरायचं. आधी बसून मापं ठरवा आणि वहीत लिहा, नाहीतर लाडूवालीला तूप-साखरेत जास्त पडतं आणि ती मनात ठेवते. ते मनात ठेवणं पुढच्या वर्षी सगळी व्यवस्था मोडतं, म्हणून तिचा फरक पैशानंच तिथल्या तिथे चुकता करा.

ओवाळणी आणि आहेर

आता वहीतला तो जड तिसरा रकाना. इथे एकट्यानं कपात केली तर नाव खराब होतं. सगळ्यांनी मिळून केली तर सगळ्यांची सुटका होते. बोलायचं कधी, हे महत्त्वाचं. दिवाळीच्या तोंडावर बोललात तर कंजूषपणा वाटतो. उन्हाळ्यात लग्नाकार्याला भावकी जमते तेव्हा बोला, आणि मोठ्या माणसाच्या तोंडून बोला. घरातल्या मोठ्या वहिनींनी नणंदेला म्हणावं: “ताई, तुमच्या कपाटात माझ्या साड्या घडीच्या घडी आहेत, माझ्या कपाटात तुमच्या. यंदापासून साडी बंद करू. भाऊबीजेला तुमच्या लेकीच्या खात्यात टाकू, आणि तुम्ही आमच्याकडे रिकाम्या हातानं या.” नणंद बहुधा हेच ऐकायला थांबलेली असते.

टोपी-दुपट्टा आणि ब्लाऊजपीस यांचं काय करावं? घरात आलेल्या प्रत्येक नगावर आणणाऱ्याचं नाव आणि साल चिठ्ठीवर लिहून ठेवा, म्हणजे निदान ज्याचं त्यालाच परत जाणार नाही. पण खरा उपाय पत्रिकेत आहे. भावकीतल्या पुढच्या लग्नाच्या पत्रिकेवरच ‘आहेर आणू नये’ छापा, आणि यजमानांनीही परतीचा आहेर करू नये. एका घरानं एवढं धैर्य केलं की बाकीच्यांना वाट मिळते.

तयार कपडे द्यायचेच असतील तर २,५०० रुपयांच्या आतले घ्या. सप्टेंबर २०२५ पासून त्यापर्यंतच्या नगावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यावर गेलं की १८ टक्के. सोनं द्यायचं तर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी असलेलं हॉलमार्कचंच घ्या आणि घडणावळ आधी विचारा. सोन्यावर ३ टक्के कर लागतोच, खरी तफावत घडणावळीत असते. मिठाईच्या डब्यात कागद आणि पुठ्ठ्याचे पैसे फार जातात. दिवाळी नोव्हेंबरात असेल त्या वर्षी डबा सोडून द्या आणि बांबूच्या टोपलीत दोन किलो संत्री द्या. आकारानं लहान म्हणून व्यापाऱ्यानं बाजूला काढलेली फळं बागेवरच स्वस्तात मिळतात, आणि चवीला ती कुठेही कमी नसतात. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि त्याच जातीच्या बागा आपल्या दारात उभ्या आहेत. पुण्या-भोपाळकडच्या पाहुण्यांना याहून चांगली भेट कोणती द्यायची?

ओवाळणीचा आकडा भावांनी आपसांत ठरवून सारखा ठेवावा. ज्या भावाचं पीक यंदा गेलं आहे, त्याच्या ऐपतीचा आकडा तो सगळ्यांचा आकडा. बाकीच्यांना बहिणीला जास्त द्यायचं असेल तर त्यांनी ते तिच्या मुलांच्या फीसाठी, वर्षात कधीही, गुपचूप द्यावं.

भाऊबीज झाली की खात्यात काय उरलं ते बघा. उरलं असेल तर ते घरखर्चात मिसळू नका. त्यातूनच संक्रांतीचा तीळ आणि गूळ घ्या, आणि बाकीची रक्कम नव्या ठेवीचा पहिला हप्ता म्हणून टाका. कमी पडलं असेल तर कोणत्या ओळीत पडलं त्यावर खूण करा. मग तुळशीच्या लग्नापर्यंत वेचणीचा पहिला कापूस मंडीत जाईल, पट्टी येईल, तेव्हा वाटा काढायच्या आधी ती खूण बघून आकडा बदला.